इंटरसेप्टर लावला, तरी चालत का नाही? जावा डिपेंडन्सी इंजेक्शनमध्ये मेथडची वाट अडवताना

समजा, मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचं सॉफ्टवेअर जावात आहे. लातूर घ्या, नांदेड घ्या, जालना घ्या, काम सगळीकडे तेच: माल येतो, काटा होतो, सौद्यात भाव ठरतो, हमाली-तोलाई वजा होते आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. 'पट्टीसेवा' या क्लासमध्ये दोन मेथड आहेत. 'पट्टीकाढा' एका शेतकऱ्याची पट्टी तयार करते आणि तिच्यावर ट्रान्झॅक्शनल हे ॲनोटेशन आहे, म्हणजे काम पूर्ण तरी व्हावं, नाहीतर सगळंच मागे फिरावं (रोलबॅक), अशी खूण. 'दिवसाच्यापट्ट्या' ही दुसरी मेथड संध्याकाळी सगळ्या आवकेवर लूप फिरवते आणि प्रत्येक नोंदीसाठी 'पट्टीकाढा' बोलावते.

स्क्रीनवरून एकेक पट्टी काढली की सगळं बरोबर. संध्याकाळच्या लूपमध्ये मात्र एखादी पट्टी मधेच फसली, तर हमालीची ओळ डेटाबेसमध्ये राहून जाते आणि पट्टीचा पत्ता नसतो. रोलबॅक झालेलाच नाही. कंपायलर काही बोलला नाही, लॉगमध्येही तक्रार नाही, आणि ॲनोटेशन तर मेथडच्या डोक्यावर दिसतंय.

ट्रान्झॅक्शन सुरू करणं, मागे फिरवणं अशी कामं मेथडच्या आधी-नंतर करणाऱ्या कोडला इंटरसेप्टर म्हणतात, आणि तो मेथडच्या आत बसलेला नसतो. तो मेथडकडे येणाऱ्या वाटेवर उभा असतो. मोंढ्याच्या गेटवर गाडीची नोंद होते, पण आतल्या आत एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात कट्टे हलवले तर गेटवाल्याला कळत नाही. लूपमधून केलेला कॉल असाच आतल्या आत झाला. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा: ही वाट कोणी बांधली, आणि माझा कॉल त्या वाटेने गेला का?

(पुढे लायब्ररीतली नावं देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगनेच लिहायची. 'पट्टीसेवा'सारखी स्वतःची नावं मात्र जावात देवनागरीतही चालतात. सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवा. जेडीके १८ पासून तोच डिफॉल्ट आहे, त्याआधीच्या जेडीकेला एन्कोडिंग सांगावं लागतं.)

ॲनोटेशन ही नुसती चिठ्ठी

ॲनोटेशन स्वतः काहीच करत नाही. कंटेनर (ऑब्जेक्ट तयार करून ते एकमेकांना पुरवणारं, म्हणजे डिपेंडन्सी इंजेक्शन करणारं फ्रेमवर्क; इथे स्प्रिंग, गुइस किंवा सीडीआय) सुरू होताना ती चिठ्ठी वाचतो आणि तुमच्या ऑब्जेक्टसमोर एक आडोसा उभा करतो. त्यामुळे चिठ्ठी कंटेनरला वाचता आली पाहिजे. स्वतःचं ॲनोटेशन बनवताना रिटेन्शन रनटाइम असं स्पष्ट लिहा. काहीच लिहिलं नाही तर डिफॉल्ट 'क्लास' असतो. म्हणजे ॲनोटेशन क्लास फाइलमध्ये राहतं, पण प्रोग्राम चालताना रिफ्लेक्शनला (कोडची माहिती वाचणाऱ्या सोयीला) दिसत नाही. गुइसचा 'ॲनोटेटेडविथ' मॅचर (कोणत्या मेथड पकडायच्या ते ठरवणारी अट) ही चूक तिथल्या तिथे एरर देऊन सांगतो. सगळीकडे अशी सोय असेल असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट वारशाची. 'इन्हेरिटेड' हे मेटा-ॲनोटेशन फक्त क्लासवरच्या ॲनोटेशनला लागू पडतं. मेथडवरचं ॲनोटेशन ओव्हरराइड केलेल्या मेथडवर आपोआप येत नाही. मूळ क्लासमधल्या 'पट्टीकाढा'वर ॲनोटेशन आहे आणि 'तूरपट्टीसेवा'ने ती ओव्हरराइड केली, तर तिथे ते पुन्हा लिहिणंच सुरक्षित.

ऑब्जेक्ट एक की दोन, यावर सगळं अवलंबून

स्प्रिंगमध्ये दोन ऑब्जेक्ट असतात. एक तुमचा खरा, ज्याला टार्गेट म्हणतात, आणि त्याच्यासमोर उभा असलेला प्रॉक्सी. ज्याने कोणी 'पट्टीसेवा' इंजेक्ट करून घेतली त्याच्या हातात प्रॉक्सी असतो. प्रॉक्सी आधी इंटरसेप्टरची साखळी चालवतो, मग टार्गेटची मेथड. एकदा टार्गेटच्या आत शिरलात की 'धिस' म्हणजे टार्गेट स्वतः, आणि त्याला आपल्यासमोर कोणी उभं आहे याची खबरही नसते. म्हणून 'दिवसाच्यापट्ट्या'मधून 'पट्टीकाढा' बोलावली की कॉल सरळ टार्गेटवर जातो आणि ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही.

प्रॉक्सी बनवायच्या दोन रीती आहेत. जेडीकेचा डायनॅमिक प्रॉक्सी जावा १.३ पासून आहे आणि तो फक्त इंटरफेसवर चालतो. सीजीलिब रनटाइमला तुमच्या क्लासचा सबक्लास तयार करतो, त्याला इंटरफेस लागत नाही. स्प्रिंग बूट २.० पासून, म्हणजे २०१८ पासून, बूटमध्ये सीजीलिब हाच डिफॉल्ट आहे. साध्या स्प्रिंगमध्ये इंटरफेस असेल तर जेडीकेचा प्रॉक्सी मिळतो. जेडीकेचा प्रॉक्सी तुमच्या क्लासच्या प्रकाराचा नसतो. इंटरफेसऐवजी थेट क्लास इंजेक्ट करायला गेलात की 'बीननॉटऑफरिक्वायर्डटाइपएक्सेप्शन' येतं आणि त्याच्या मजकुरात डॉलर-प्रॉक्सी असं नाव दिसतं. हे दिसलं की समजायचं, इंटरफेस मागायला हवा होता.

सीजीलिबही सबक्लासच बनवतो, मग 'धिस'चा कॉल त्याने पकडायला नको का? नाही. स्प्रिंगच्या पद्धतीत तो सबक्लास फक्त निरोप्या आहे आणि खरं काम वेगळ्या टार्गेट ऑब्जेक्टवर होतं.

गुइसमध्ये वेगळं आहे. तिथे ऑब्जेक्ट एकच. गुइस तुमच्या क्लासचा सबक्लास तयार करतो आणि त्याच सबक्लासचा ऑब्जेक्ट तुम्हाला देतो. टार्गेट म्हणून दुसरा कोणी नसतोच. त्यामुळे 'धिस'वरून केलेला कॉलसुद्धा जावाच्या नेहमीच्या ओव्हरराइडच्या नियमाने सबक्लासच्या मेथडवर जातो आणि इंटरसेप्टर चालतो. वरची आडतीची अडचण गुइसमध्ये येतच नाही. स्प्रिंगवरून गुइसकडे किंवा उलट जाताना बरेच जण इथेच चुकतात. कोड तोच राहतो, पण आतल्या कॉलची वागणूक बदलते.

सीडीआयमध्ये, म्हणजे जकार्ता ईईच्या डिपेंडन्सी इंजेक्शनच्या स्टँडर्डमध्ये, स्पेसिफिकेशन कंटेनरने दिलेल्या संदर्भातून (रेफरन्समधून) आलेल्या कॉललाच व्यवसाय-मेथडचा, म्हणजे इंटरसेप्ट होऊ शकणारा कॉल मानतं. क्वार्कस हे सीडीआय वापरणारं फ्रेमवर्क मात्र स्वतःच्या आतले कॉलही इंटरसेप्ट करतं आणि तसं त्याच्या दस्तऐवजात लिहिलेलंही आहे. एका कंटेनरवर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेल असं धरू नका. आतल्या कॉलवर इंटरसेप्टर चालण्यावर किंवा न चालण्यावर कोडचं बरोबर-चूक अवलंबून असेल, तर ती मेथड दुसऱ्या क्लासमध्ये काढणंच उत्तम.

स्प्रिंगमधली आतली वाट कशी दुरुस्त करायची

सर्वात चांगला उपाय सर्वात साधा आहे. 'दिवसाच्यापट्ट्या' उचलून 'दिवसअखेर' नावाच्या वेगळ्या क्लासमध्ये ठेवा आणि त्यात 'पट्टीसेवा' कन्स्ट्रक्टरमधून इंजेक्ट करा. आता प्रत्येक कॉल प्रॉक्सीतून जातो आणि प्रत्येक पट्टीला स्वतंत्र ट्रान्झॅक्शन मिळतं. लूपमध्ये प्रत्येक नोंदीभोवती ट्राय-कॅच ठेवा, फसलेल्या नोंदींची यादी बाजूला लिहा आणि पुढे चला.

घाईत लोक काय करतात, तर ट्रान्झॅक्शनल 'दिवसाच्यापट्ट्या'वर लावून मोकळे होतात. अर्धवट नोंद राहण्याचा प्रश्न सुटतो खरा, पण दिवसभराच्या तीनशे पट्ट्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात. एका शेतकऱ्याच्या नोंदीत गडबड निघाली की बाकी २९९ जणांच्याही पट्ट्या मागे फिरतात. दुकानाला हे हवं आहे का, ते आधी विचारा.

क्लास वेगळा करणं जमत नसेल तर 'ट्रान्झॅक्शनटेम्प्लेट' इंजेक्ट करून लूपच्या आत त्याच्या 'एक्झिक्यूट'मध्ये काम द्या. यात जादू काहीच नाही, ट्रान्झॅक्शन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कोडमध्येच दिसतं. स्वतःलाच 'लेझी'सह इंजेक्ट करून घेण्याची युक्तीही चालते, पण ती वाचणाऱ्याला कोड्यात टाकते, आणि बूट २.६ पासून वर्तुळाकार अवलंबनं मुळात बंद असल्याने 'लेझी' विसरलं की ॲप्लिकेशन उठतच नाही. 'एओपीकॉन्टेक्स्ट'मधून चालू प्रॉक्सी मागण्याचाही एक मार्ग आहे. त्यासाठी 'एक्स्पोजप्रॉक्सी' चालू करावं लागतं आणि व्यवसायाचा कोड स्प्रिंगला घट्ट बांधला जातो. तो टाळा. प्रायव्हेट मेथड आणि आतले कॉल खरोखरच पकडायचे असतील तर ॲस्पेक्टजेचं वीव्हिंग आहे. ते बाइटकोडच बदलतं, त्यामुळे प्रॉक्सीच्या मर्यादा त्याला लागू होत नाहीत; बिल्डमध्ये मात्र एक पायरी वाढते.

'पोस्टकन्स्ट्रक्ट'मध्येही हाच सापळा आहे. ती मेथड चालते तेव्हा टार्गेटसमोर प्रॉक्सी उभाच राहिलेला नसतो. ॲप्लिकेशन उठताना भावफलक डेटाबेसमधून भरायचा असेल तर ते काम 'ॲप्लिकेशनरेडीइव्हेंट' ऐकणाऱ्या दुसऱ्या क्लासमध्ये ठेवा आणि तिथून सेवेला बोलवा.

फायनल मेथड: आतून दिसणारा रिकामा ऑब्जेक्ट

हा घोटाळा जवळून पाहण्यासारखा आहे. 'पट्टीसेवा'त 'हमालीदर' नावाचं फील्ड आहे, कन्स्ट्रक्टरमधून नीट भरलेलं. कोणीतरी 'हमालीकाढा' ही पब्लिक मेथड फायनल केली. दुसऱ्या क्लासमधून ती बोलावताच नल-पॉइंटर एक्सेप्शन. डिबगरमध्ये पाहावं तर 'हमालीदर' खरोखरच नल आहे, आणि कन्स्ट्रक्टरमध्ये ब्रेकपॉइंट लावला तर तिथे तो भरलेला दिसतो!

झालं असं, की सीजीलिबचा सबक्लास फायनल मेथड ओव्हरराइड करू शकत नाही. त्यामुळे कॉल टार्गेटकडे वळवलाच जात नाही, मूळ मेथड प्रॉक्सी ऑब्जेक्टवरच चालते. आणि प्रॉक्सी ऑब्जेक्टची फील्ड रिकामी असतात, कारण स्प्रिंग ४ पासून तो ऑब्जेनेसिस ही लायब्ररी वापरून कन्स्ट्रक्टर न चालवताच तयार होतो. लॉगची पातळी डिबगवर नेली तर फायनल मेथड सीजीलिबने प्रॉक्सी करता येत नाही, असा इशारा दिसतो. उपाय एकच: बाहेरून बोलावल्या जाणाऱ्या मेथडवरचा फायनल काढा. याच कारणाने दुसऱ्या बीनचं (कंटेनरने सांभाळलेल्या ऑब्जेक्टचं) फील्ड थेट वाचू नका, गेटर वापरा. प्रॉक्सीवरचं फील्ड वाचलं तर नलच मिळणार.

क्लासच फायनल असेल तर सीजीलिब अडतो आणि ॲप्लिकेशन सुरू होतानाच एरर येतो. ते बरं, निदान लपून राहत नाही. कॉट्लिनमध्ये क्लास आणि मेथड डिफॉल्टनेच फायनल असतात, म्हणून तिथे कंपायलरचा स्प्रिंग प्लगइन लावावा लागतो.

प्रायव्हेट मेथडवर लावलेलं ट्रान्झॅक्शनल प्रॉक्सीमधून कधीच चालत नाही. प्रोटेक्टेड आणि पॅकेजपुरत्या मेथड स्प्रिंग ६.० पासून क्लासवर आधारित प्रॉक्सीत चालतात, त्याआधी फक्त पब्लिक. क्वार्कस प्रायव्हेट मेथडवर इंटरसेप्टरचं ॲनोटेशन दिसलं तर डिफॉल्टने बिल्डच पाडतं, आणि माझ्या मते तेच योग्य वागणं आहे.

गुइसमध्ये एक इंटरसेप्टर, पायरीपायरीने

पट्टी काढायला किती वेळ लागतो ते मोजायचं आहे. 'वेळमोजा' असं ॲनोटेशन बनवा; त्यावर 'टार्गेट' (कुठे लावायचं) मेथड आणि 'रिटेन्शन' रनटाइम असं लिहा. मग एओपी (ॲस्पेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग, म्हणजे अशी आधी-नंतरची कामं वेगळी ठेवण्याची पद्धत) अलायन्सचा 'मेथडइंटरसेप्टर' इंटरफेस घेऊन 'वेळमापक' हा क्लास लिहा. त्यात 'इन्व्होक' ही एकच मेथड असते आणि तिला 'मेथडइन्व्होकेशन' मिळतं. सुरुवातीला 'सिस्टिम.नॅनोटाइम' घ्या, ट्रायमध्ये 'प्रोसीड' (मूळ मेथडकडे पुढे जाणारा कॉल) बोलवून त्याचं उत्तर तसंच रिटर्न करा आणि फायनलीमध्ये फरक काढून लॉग करा. फायनली हवंच, नाहीतर एक्सेप्शन आलेले कॉल मोजणीतून गळतात, आणि मंद कॉल बहुधा तेच असतात.

मॉड्यूलच्या 'कॉन्फिगर'मध्ये 'बाइंडइंटरसेप्टर'ला तीन गोष्टी द्या: कोणते क्लास, कोणत्या मेथड, आणि इंटरसेप्टर. क्लाससाठी 'मॅचर्स.एनी', मेथडसाठी 'ॲनोटेटेडविथ' आणि तुमचं ॲनोटेशन. इंटरसेप्टर तुम्ही स्वतः 'न्यू' करून देता, त्यामुळे त्याचा इंजेक्ट-कन्स्ट्रक्टर कोणी चालवत नाही. त्याला लॉगर किंवा मीटर लागत असेल तर ते फील्डवर इंजेक्ट लिहा आणि मॉड्यूलमध्ये त्या ऑब्जेक्टसाठी 'रिक्वेस्टइंजेक्शन' बोलवा.

अटी अशा: क्लास पब्लिक किंवा पॅकेजपुरता असावा, फायनल नसावा. मेथड पब्लिक, प्रोटेक्टेड किंवा पॅकेजपुरती, तीही फायनल नसावी. आणि सर्वांत महत्त्वाचं, तो ऑब्जेक्ट गुइसने स्वतः तयार केलेला असला पाहिजे, इंजेक्ट लिहिलेल्या किंवा आर्ग्युमेंट नसलेल्या कन्स्ट्रक्टरमधून. 'प्रोव्हाइड्स' मेथडमध्ये तुम्ही 'न्यू पट्टीसेवा' लिहून परत दिलं, किंवा 'टूइन्स्टन्स'ने तयार ऑब्जेक्ट बांधला, तर गुइसला सबक्लास बनवायची संधीच मिळत नाही. इंटरसेप्टर चालत नाही आणि एररही येत नाही. गुइसमध्ये इंटरसेप्टर गायब दिसला की आधी मॉड्यूलमधल्या 'प्रोव्हाइड्स' मेथड तपासा. कारण बहुतेक तिथेच सापडतं.

मेथडसाठीही 'मॅचर्स.एनी' दिलं तर जेनेरिक इंटरफेस असलेल्या क्लासमध्ये कंपायलरने घातलेल्या ब्रिज मेथडही जाळ्यात येऊ शकतात. मग एकच कॉल दोनदा मोजला जाण्याची भीती असते, आणि गुइस तसा इशारा लॉगमध्ये देतो. मॅचर अरुंद ठेवा.

प्रोसीडचं उत्तर परत द्या, आणि किती वेळा बोलावता ते पाहा

स्प्रिंगमध्ये हेच काम 'ॲस्पेक्ट' आणि 'कम्पोनंट' लावलेल्या क्लासमध्ये 'अराउंड' मेथड लिहून होतं. फक्त 'ॲस्पेक्ट' लिहून चालत नाही, तो बीन म्हणूनही नोंदवलेला असावा लागतो. बूट ३ मध्ये त्यासाठी एओपीचा स्टार्टर पोममध्ये (मेव्हनच्या बिल्ड फाइलमध्ये) घाला.

'अराउंड' मेथडचा रिटर्न टाइप ऑब्जेक्ट ठेवा आणि 'प्रोसीड'चं उत्तर परत करा. व्हॉइड ठेवलात तर मूळ मेथडने काहीही दिलं तरी बोलावणाऱ्याला नल मिळतं. पट्टी परत देणाऱ्या मेथडमध्ये ही चूक पुढे दूर कुठेतरी नल-पॉइंटर बनून फुटते. 'कट्टेमोजा'सारखी इंट परत देणारी मेथड असेल तर तिथेच 'एओपीइन्व्होकेशनएक्सेप्शन' येतं, कारण नल इंटमध्ये बसत नाही.

रिट्राय, म्हणजे फसलेला कॉल पुन्हा करून पाहणं, लिहिताना 'प्रोसीड' पुन्हा बोलवावं लागतं, आणि इथे स्प्रिंगमध्ये बारीक फरक आहे. 'अराउंड'मधल्या 'प्रोसीडिंगजॉइनपॉइंट'वर दोनदा 'प्रोसीड' केलं तर चालतं. स्प्रिंग दर वेळी साखळीची प्रत काढून ती चालवतो. पण थेट 'मेथडइंटरसेप्टर' लिहून त्याच 'मेथडइन्व्होकेशन'वर दुसऱ्यांदा 'प्रोसीड' केलं, तर साखळीतला काटा आधीच शेवटाला पोचलेला असतो. दुसरा कॉल आतले इंटरसेप्टर ओलांडून सरळ टार्गेटवर जातो. पहिल्या प्रयत्नाला ट्रान्झॅक्शन होतं, दुसऱ्याला नाही! उपाय: 'प्रॉक्सीमेथडइन्व्होकेशन'मध्ये कास्ट करून प्रत्येक प्रयत्नासाठी 'इन्व्होकेबलक्लोन' घ्या आणि त्याच्यावर 'प्रोसीड' करा.

इंटरसेप्टरचा ऑब्जेक्ट एकच असतो आणि सगळे थ्रेड त्याच्यातूनच जातात. सुरुवातीची वेळ फील्डमध्ये ठेवली तर एका काउंटरवरच्या पट्टीची वेळ दुसऱ्याच्या खात्यात जाते. लोकल व्हेरिएबल वापरा. एकूण संख्या मोजायचीच असेल तर 'लाँगॲडर' घ्या.

क्रम चुकला तर अर्थ बदलतो

रिट्राय आणि ट्रान्झॅक्शन एकाच मेथडवर आहेत. रिट्राय बाहेर आणि ट्रान्झॅक्शन आत, हाच क्रम बरोबर: प्रत्येक प्रयत्नाला नवं ट्रान्झॅक्शन मिळतं. उलट झालं तर सगळे प्रयत्न एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतात. पोस्टग्रेसमध्ये पहिली एसक्यूएल फसली की ते ट्रान्झॅक्शन खराब होतं आणि रोलबॅक होईपर्यंत पुढची प्रत्येक आज्ञा नाकारली जाते. म्हणजे तीन प्रयत्न लिहिले तरी दुसरा आणि तिसरा हरलेलेच असतात. आत आणखी एखादी ट्रान्झॅक्शनल मेथड फसली असेल तर ती बाहेरचं ट्रान्झॅक्शन 'फक्त रोलबॅक' म्हणून खुणावते. तुम्ही एक्सेप्शन गिळलं तरी शेवटी कमिटच्या वेळी 'अनएक्स्पेक्टेडरोलबॅकएक्सेप्शन' येतं.

स्प्रिंगमध्ये ऑर्डरचा आकडा जितका लहान तितका इंटरसेप्टर बाहेर. ट्रान्झॅक्शनचा डिफॉल्ट क्रम सर्वांत शेवटचा, म्हणजे सर्वांत आतला. पण ऑर्डर न लिहिलेल्या तुमच्या ॲस्पेक्टलाही तोच शेवटचा क्रम मिळतो, आणि दोघांत पुढे कोण याची हमी कोणी देत नाही. रिट्रायच्या ॲस्पेक्टवर ऑर्डर लिहा, १०० लिहा की ५०, पण लिहा.

गुइसमध्ये ज्या क्रमाने 'बाइंडइंटरसेप्टर' केलं त्याच क्रमाने इंटरसेप्टर चालतात. दोन मॉड्यूलमध्ये वाटले असतील तर मॉड्यूल इन्स्टॉल करण्याचा क्रम हाच त्यांचा क्रम, म्हणून परस्परांवर अवलंबून असलेले इंटरसेप्टर एकाच मॉड्यूलमध्ये एकाखाली एक ठेवा.

सीडीआयमध्ये प्रायॉरिटीचा आकडा लहान तो आधी. जकार्ता ट्रान्झॅक्शन्सचा इंटरसेप्टर २०० वर असतो आणि ॲप्लिकेशनसाठी राखलेली पातळी २००० पासून सुरू होते. म्हणजे सवयीने २००० लिहिलेला रिट्राय ट्रान्झॅक्शनच्या आत पडतो. तो बाहेर हवा असेल तर आकडा २०० पेक्षा लहान द्या. आणि प्रायॉरिटी लिहिलीच नाही, बीन्स.एक्सएमएलमध्येही नाव घातलं नाही, तर तो इंटरसेप्टर बंदच राहतो.

जुनं प्रोजेक्ट नव्या सर्व्हरवर नेताना इम्पोर्ट बघा. २०२० मधल्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजचं नाव जावॅक्सऐवजी जकार्ता झालं. जुन्या पॅकेजमधलं 'अराउंडइन्व्होक' नव्या कंटेनरला अनोळखी असतं. जुनी जार क्लासपाथवर राहिली असेल तर कोड आनंदाने कंपाइल होतो आणि इंटरसेप्टर मात्र चालत नाही.

एक्सेप्शन आलं आणि तरी कमिट झालं

'काटाचुकला' हे एक्सेप्शन तुम्ही थेट 'एक्सेप्शन'वरून काढलं, म्हणजे ते चेक्ड आहे. 'पट्टीकाढा'ने ते फेकलं आणि तरी डेटाबेसमध्ये ओळी राहिल्या. स्प्रिंगचा नियमच तसा आहे: रनटाइमएक्सेप्शन आणि एरर यांच्यावर रोलबॅक, चेक्ड एक्सेप्शनवर कमिट. ॲनोटेशनमध्ये 'रोलबॅकफॉर' लिहा किंवा एक्सेप्शन रनटाइमएक्सेप्शनवरून काढा. स्प्रिंग ६.२ पासून 'एनेबलट्रान्झॅक्शनमॅनेजमेंट'वर सगळ्याच एक्सेप्शनसाठी रोलबॅक असं एकदाच सांगता येतं.

लॉगिंगच्या इंटरसेप्टरने एक्सेप्शन पकडून लिहिलं आणि पुढे फेकलंच नाही, तर तेही तितकंच घातक. तो ट्रान्झॅक्शनच्या आत असेल तर बाहेरच्याला सगळं सुरळीत झालं असंच वाटतं आणि तो कमिट करतो. लॉग करा, पण तेच एक्सेप्शन पुन्हा फेका. मेथडने जाहीर न केलेलं चेक्ड एक्सेप्शन इंटरसेप्टरमधून नव्याने फेकू नका. बोलावणाऱ्याला ते 'अनडिक्लेअर्डथ्रोएबलएक्सेप्शन'मध्ये गुंडाळलेलं मिळतं आणि त्याचा कॅच-ब्लॉक चुकतो.

चालत नाही तेव्हा कुठून बघायचं

आधी ऑब्जेक्टचं खरं नाव बघा. ज्या क्लासने सेवा इंजेक्ट करून घेतली, तिथे त्या सेवेच्या 'गेटक्लास'चं नाव छापा. स्प्रिंग ६ मध्ये नावात डॉलरच्या खुणांमध्ये स्प्रिंगसीजीलिब दिसेल, आधीच्या आवृत्त्यांत एन्हान्सरबायस्प्रिंगसीजीलिब, गुइसमध्ये एन्हान्सरबायगुइस, जेडीकेच्या प्रॉक्सीत डॉलर-प्रॉक्सी. साधं 'पट्टीसेवा' एवढंच आलं तर आडोसा उभाच झालेला नाही: 'न्यू' कोणी केलं, बीन नोंदवला का, मॅचर जुळला का, याच दिशेने शोधा.

नाव बरोबर आहे आणि तरी इंटरसेप्टर चालत नाही? मग मेथडच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून कॉल-स्टॅक वाचा. स्टॅकमध्ये तुमच्या मेथडच्या लगेच खाली त्याच क्लासची दुसरी मेथड असेल आणि मधे स्प्रिंगच्या प्रॉक्सीच्या ओळी नसतील, तर कॉल आतल्या आत झालेला आहे. तिथून प्रायव्हेट, स्टॅटिक, फायनल हे तीन शब्द तपासा, आणि शेवटी पॉइंटकटमधलं (इंटरसेप्टर कुठे लावायचा ते सांगणाऱ्या अटीतलं) पॅकेजचं नाव. क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवला आणि पॉइंटकटच्या स्ट्रिंगमध्ये जुनंच नाव राहिलं, हे आयडीईच्या रीफॅक्टरमधून सहज निसटतं.

युनिट टेस्टमध्ये 'न्यू पट्टीसेवा' करून इंटरसेप्टरची परीक्षा होत नाही, तिथे कंटेनरच नाही. गणिताची टेस्ट तशीच ठेवा: १२ क्विंटल ४० किलो सोयाबीन, भाव ४५०० रुपये, तर हमाली-तोलाईआधीची रक्कम ५५,८०० रुपये. रोलबॅकसाठी मात्र कंटेनर उठवणारी वेगळी टेस्ट लिहा. टेस्ट मेथडवर ट्रान्झॅक्शनल लावू नका, नाहीतर टेस्टचंच ट्रान्झॅक्शन सगळं झाकून टाकेल. तीन नोंदी द्या, दुसरीचं वजन मुद्दाम उणे ठेवा म्हणजे हमालीची ओळ लिहिल्यानंतर ती फसेल, 'दिवसअखेर' चालवा, आणि डेटाबेसमध्ये दोन पट्ट्या आणि दोनच हमालीच्या ओळी आहेत ना ते मोजा. तिसरी ओळ दिसली तर कॉल अजूनही गेट चुकवून जातोय.